सुपारीएवढ्या बिनअंड्याच्या चॉकोचिप कुकीज घरी कशा करायच्या

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुपारी कोणी काही भाजायला लागलं की वास खालच्या जिन्यापर्यंत जातो, आणि वास गेला की चार घरी वाटी पाठवावीच लागते. माझ्या सासूबाई अंडं खात नाहीत, समोरच्या गुजराती काकींच्या घरात तर ते येतच नाही, त्यामुळे मी बेकिंग शिकले तेच बिनअंड्याचं. त्यात सगळ्यात जास्त वेळा काय केलं असेल तर या एका घासात संपणाऱ्या चॉकोचिप कुकीज. आणि इतक्या वेळा करून माझं आता पक्कं मत झालंय की अंडं घालायचं नसेल तर कुकी लहानच करावी.

कारण सांगते. अंडं भाजताना घट्ट होतं आणि मोठ्या जाड कुकीला मधून धरून ठेवतं, शिवाय अंड्यात पाऊण भाग पाणीच असतं त्यामुळे मधला भाग मऊ राहतो. ते काढून टाकलं की मोठी कुकी उचलतानाच मोडते, नाहीतर कडा करपल्या तरी मधे कच्ची राहते. सुपारीएवढ्या गोळ्याला हा त्रास नाही, गरमी लगेच आतपर्यंत पोचते आणि बटर, साखर, मैदा एवढंच त्याला धरून ठेवायला पुरतं. आपल्या नानकटाईत तरी कुठे अंडं असतं, आणि ती काय खुसखुशीत लागते!

सामान असं लागेल. बटर १०० ग्रॅम म्हणजे अमूलचं छोटं पाकीट बरोब्बर एक, ते खारं असतं म्हणून वेगळं मीठ घालायचं नाही. ब्राऊन शुगर ५० ग्रॅम आणि बारीक साधी साखर ५० ग्रॅम. मैदा १५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १० ग्रॅम म्हणजे मोठा चमचाभर, खायचा सोडा पाव छोटा चमचा, बेकिंग पावडर पाव छोटा चमचा. व्हॅनिला इसेन्स अर्धा छोटा चमचा, दूध एक ते दोन मोठे चमचे, आणि चॉकोचिप्स ८० ग्रॅम. एवढ्यात साधारण ५० ते ५५ कुकीज होतात. जमलं तर छोटा डिजिटल वजनकाटा घ्याच, प्रत्येकाच्या घरची वाटी वेगळी असते आणि कुकीजमध्ये दोन चमचे मैदा इकडे तिकडे झाला तरी फरक पडतो. काटा नसेल तर २४० मिलीच्या मेजरिंग कपात मैदा चमच्याने भरायचा, दाबायचा नाही, तो साधारण १२५ ग्रॅम भरतो, आणि वर दोन-तीन मोठे चमचे अजून घालायचे.

चिप्सबद्दल थोडं बोलते कारण इथेच लोक फसतात. दुकानात सुटे मिळणारे बरेचसे चिप्स कंपाउंड चॉकलेटचे असतात, म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं फॅट घातलेले, ते ओव्हनमध्ये आकार छान धरतात पण काही काही खाल्ल्यावर टाळूला मेणासारखे चिकटतात. पाकिटाच्या मागे काय काय लिहिलंय ते वाचा, आणि हिरवा ठिपका बघा. छोट्या कुकीसाठी मिनी चिप्स मागायचे, मोठे घेतले तर एका गोळ्यात दोनच बसतात आणि भाजताना गोळा तिथेच चिरतो. मी जांभळी नाक्याला गेले की केकच्या सामानाच्या दुकानातून आणते. नाही मिळाले तर डार्क चॉकलेटची वडी सुरीने बारीक चिरा, काही बिघडत नाही, उलट वितळलेल्या रेघा मधे मधे मस्त लागतात. अमेरिकेत १९३० च्या दशकात रूथ वेकफिल्ड नावाच्या बाईंनी टोल हाऊस इन या आपल्या खाणावळीत ही कुकी पहिल्यांदा केली तेव्हा त्यांनीही चॉकलेटच्या वडीचे तुकडेच करून घातले होते, तयार चिप्स नंतर आले.

आता बटर. सगळी कुकी बटरवर अवलंबून आहे असं म्हटलं तरी चालेल. परदेशी रेसिपीत सरसकट लिहिलेलं असतं की बटर रूम टेंपरेचरला आणा, पण ते तिकडच्या थंड घरांसाठी आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ठाण्यातल्या किचनमध्ये ३२-३३ डिग्री सहज असतं आणि बटर त्याच सुमाराला वितळायला लागतं, म्हणजे अर्धा तास बाहेर ठेवलं की तुपाचं तळं. त्यामुळे उन्हाळ्यात फ्रिजमधून काढून तुकडे करून पाच-दहा मिनिटं ठेवलं तरी बास होतं, थंडीत अर्धा तास लागतो. बोटाने दाबून बघा, खळगा पडायला पाहिजे पण बोट तेलकट चकचकीत व्हायला नको. झालंच तर परत पाच मिनिटं फ्रिजमध्ये ढकला, वितळलेल्या बटरवर पुढे जाऊ नका.

मग बटर आणि दोन्ही साखरा एकत्र फेसायच्या. हँड बीटर असेल तर तीन मिनिटं, नाहीतर लाकडी चमच्याने सात-आठ मिनिटं, हात भरून येतो पण होतं. मी पहिल्यांदा करत होते तेव्हा दोन मिनिटांत झालं म्हणून थांबले, सासूबाई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगं अजून फेसलं नाहीये ते, रंग बघ." त्यांच्या माहेरी दिवाळीच्या आधी नानकटाईचं तूप परातीत तळहाताने गोल गोल फेसायचे आणि मग सामान घेऊन बेकरीत भाजायला जायचे, पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन परत यायचे, त्यामुळे त्यांचा डोळा तयार होता. बटरचा पिवळा रंग जाऊन ते पांढरट, फुगल्यासारखं, चमच्याला हलकं लागायला लागलं की झालं. साखरेचे कण बटरमध्ये बारीक बारीक हवा कोंडत असतात, अंडं नसल्यावर फुलायला सोड्याच्या जोडीला तीच हवा उपयोगी पडते. साखर पूर्ण विरघळणार नाही, विरघळायची वाट बघू नका.

त्यात व्हॅनिला आणि एक चमचा दूध घालून परत फिरवायचं. मैदा, कॉर्नफ्लोअर, सोडा, बेकिंग पावडर एकत्र दोनदा चाळून घ्या, सोड्याची गुठळी राहिली तर ती एक कुकी साबणासारखी कडू लागते. चाळलेलं मिश्रण बटरवर घालून चमच्याने नुसतं वरखाली करा. कणकेसारखं मळायचं अजिबात नाही, मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि कुकी खुसखुशीत व्हायच्या ऐवजी बिस्किटासारखी कडक होते. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. मुठीत दाबलं तर गोळा व्हायला पाहिजे, भुगा होत असेल तर उरलेलं दूध अर्धा अर्धा चमचा करून घाला. शेवटी चिप्स, त्यातले मोठा चमचाभर बाजूला काढून ठेवा. अर्धी कणीक घातलीत तरी चालतं, मी मुलांच्या डब्यासाठी तसंच करते, फक्त कणीक दूध जास्त पिते त्यामुळे एक चमचा वाढवावं लागतं.

इथे मुलं भांडं चाटायला येतात. अंडं नसलं तरी कच्चा मैदा खायला देऊ नका, मैदा न भाजलेला असतो आणि त्यातले जंतू पोट बिघडवू शकतात. त्यांना दोन चिप्स द्या हातात.

झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये. हे टाळू नका. मग आठ-आठ ग्रॅमचे गोळे करायचे, म्हणजे पूजेच्या सुपारीएवढे. पहिले दोन-तीन काट्यावर बघितले की हाताला अंदाज येतो. सगळे एकाच मापाचे झाले पाहिजेत, नाहीतर लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात. ट्रेवर बटर पेपर घालून गोळे दोन बोटं अंतराने ठेवा आणि अंगठ्याने अगदी जरासं दाबा. घरात कोणी लाडू वळणारं असेल तर हे काम त्यांना द्या, आमच्याकडे सासूबाई टीव्ही बघता बघता पन्नास गोळे वळतात आणि काटा लावला तर एकातही ग्रॅमचा फरक निघत नाही.

ओटीजी, म्हणजे वर-खाली तापणारे रॉड असलेला घरगुती ओव्हन, १७० डिग्रीला, वरचा खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं आधी तापवायचा, ट्रे मधल्या खाचेत. सगळा ट्रे घालायच्या आधी दोनच कुकीज भाजून बघा, आपण चकलीचा पहिला घाणा बघतो तसं. अनारसा तुपात हसतो तशी कुकी पसरून सपाट झाली तर पिठात एक मोठा चमचा मैदा मिसळा आणि परत वीस मिनिटं गार करा. अजिबात पसरली नाही, गोळी तशीच राहिली तर बाकीचे गोळे अजून थोडे चपटे करा. माझ्या पहिल्या ओव्हनचं बटण १७० वर ठेवलं तरी आत बरंच जास्त तापायचं, दोन ट्रे खालून काळे झाल्यावर मी ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला तेव्हा कळलं. म्हणून माझ्या मिनिटांवर जाऊ नका, तुमचा ओव्हन ओळखा.

साधारण नऊ ते दहा मिनिटं लागतात, पण सातव्या मिनिटापासून समोर उभं राहायचं, फोन बाजूला ठेवायचा. आधी गोळा ओलसर चमकतो, मग चकाकी जाते, वर बारीक भेगा पडतात, मग कडेला अगदी पातळ सोनेरी रेघ येते. ती रेघ आली की बाहेर. वरून अजून फिकट असेल, हात लावला तर मऊ दबेल, आणि तुम्हाला वाटेल कच्ची आहे, अजून दोन मिनिटं ठेवू. ठेवू नका! ती दोन मिनिटं ठेवली म्हणून माझा अख्खा एक घाणा दातांनी फुटेना. गरम ट्रेवर भाजणं चालूच राहतं आणि साखर गार झाल्यावरच घट्ट होते, त्यामुळे गरम कुकी नेहमी मऊच असते. बाहेर काढल्या काढल्या बाजूला ठेवलेले चिप्स वरून टोचून बसवा, दिसायला सुंदर दिसतात. पाच मिनिटं ट्रेवर तशाच राहू द्या, मग पातळ उलथन्याने उचलून जाळीवर.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई घ्या, आत स्टँड किंवा वाटी, वर घट्ट झाकण, मध्यम गॅसवर दहा मिनिटं तापवा. स्टीलच्या ताटलीला बटर पेपर लावून गोळे ठेवा, मग गॅस बारीक करून बारा ते पंधरा मिनिटं. कुकर वापरायचा तर रिंग आणि शिट्टी काढून, आणि पाणी घालायचं नाही. यात खालून रंग येतो, वरून पांढरट राहतात, पण चव छान येते, माझी बहीण ऐरोलीला भाड्याच्या घरात दोन वर्षं अशाच करत होती.

आता ठेवायचं कसं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरली की संपलं. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत ताटलीत उघड्या ठेवल्या तर तासाभरात सादळतात, ब्राऊन शुगर हवेतलं पाणी ओढून घेते ना. म्हणून जून ते सप्टेंबर मी ब्राऊन शुगर ३० ग्रॅमच घालते आणि साधी साखर ७०. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर छान राहतात. सादळल्याच तर १५० डिग्रीला तीन-चार मिनिटं ठेवून गार करा, परत कुरकुरीत होतात.

आणि पन्नासच्या पन्नास एकदम भाजायची गरजच नाही. अर्धे गोळे ताटलीत ठेवून फ्रीझरमध्ये कडक करा, मग डब्यात भरा, महिनाभर चांगले राहतात. कोणी अचानक आलं तर बाहेर काढून नरम न करता तसेच ओव्हनमध्ये घालायचे, फक्त दोन मिनिटं जास्त. परवा काकी वाटी परत द्यायला आल्या, आमच्याकडे वाटी कोणी रिकामी परत देत नाही तर त्यात ढोकळा होता, मी ओव्हन लावून आठ गोळे टाकले आणि चहाला उकळी येऊन तो मुरेपर्यंत कुकीज जाळीवर आल्या होत्या.