क्लाउनफिशची पिल्लं जगवायची तर रोटिफर आधी

घरच्या टाकीत क्लाउनफिश या समुद्री माशाने अंडी घातली की लगेच पिल्लांच्या टाकीची धावपळ सुरू होते. पण खरी गरज असते ती खाद्याची. रोटिफर हे डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखे दिसणारे जीव. पिल्लांच्या इवल्या तोंडात पहिले काही दिवस तेच मावतात. आर्टेमिया या कोळंबीसारख्या इवल्या जीवाची नुकती निघालेली पिल्लंसुद्धा तेव्हा मोठी पडतात. म्हणून अंडी घालण्याआधी जोडी दगड घासून साफ करू लागली की तेव्हाच रोटिफरची बादली लावा. नॅनोक्लोरोप्सिस शेवाळ घालून पाणी हलकं हिरवं ठेवा आणि हवा मंद सोडा. शक्य असेल तर दोन बादल्या लावाच, कारण एका बादलीतले रोटिफर कधी अचानक मरून जातात.

सुमारे २७ अंश तापमानात अंडी साधारण ७ ते ९ दिवसांत फुटतात, तीही दिवे मालवल्यावर तास-दोन तासांत. अंड्यांतले डोळे चंदेरी चमकू लागले की त्या संध्याकाळी अंडी असलेला दगड किंवा फरशी पिल्लांच्या टाकीत हलवा. पाणी मात्र आईबापांच्याच टाकीतलं हवं. बाप पंखांनी वारा घालतो, त्याजागी अंड्यांजवळ बुडबुडे सोडा. टाकीच्या बाजूंना काळा कागद लावा, नाहीतर पिल्लं उजेडाकडे जाऊन काचेवर आपटत राहतात. पाणी हिरवट ठेवलं की रोटिफरही उपाशी राहत नाहीत, त्यामुळे पिल्लांच्या पोटात पौष्टिक खाद्य जातं.

घाणीमुळे पाण्यात साठणारा विषारी अमोनिया रोज तपासा. पाणी बदलताना ते सलाईनच्या नळीने थेंबथेंब सोडा. अंगावर पांढरे पट्टे उमटेपर्यंत एवढं जपावंच लागतं.