शहराबाहेर परवडणारं घर घेताय? आधी वाईट दिवस मोजा

उपनगरातलं घर शहरातल्यापेक्षा स्वस्त पडतं, कारण राहिलेली किंमत रोजच्या ये-जा करण्यात भरायची असते. त्या बदल्यात जास्त जागा मिळते, मुलांना खेळायला मैदान मिळतं, आजूबाजूला आपल्यासारखीच कुटुंबं असतात. पुष्कळांना हा सौदा मानवतो. जिथे तो फसतो तिथे बहुधा हिशेब नेहमीच्या दिवसाचा मांडलेला असतो. गाडी रद्द झाली, मुलाला शाळेत ताप भरला आणि दोघांपैकी एकाची मीटिंग लांबली, असा दिवस धरून घर निवडा.

दारापासून खुर्चीपर्यंत

जाहिरातीतला वेळ गाडी सुटल्यापासून गाडी पोहोचेपर्यंतचा असतो. आपण मोजायचा तो घराच्या दारापासून ऑफिसातल्या खुर्चीपर्यंतचा: जिना किंवा लिफ्ट, स्टेशनपर्यंतची चाल, पूल ओलांडून बरोबर फलाट, गाडीची वाट, प्रवास, मधे गाडी बदलणं आणि पुन्हा चाल. मोठं माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतं, म्हणजे ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ याचा अर्थ ८०० मीटर. लहान मूल बरोबर असेल तर हे गणित विसरा. नकाशावर सरळ रेष ओढून अंतर काढू नका. स्टेशनात शिरायची वाट पलीकडच्या बाजूने असेल किंवा मधे एखादं बंद आवार असेल तर ८०० मीटरचे १,२०० सहज होतात.

घर ठरवण्याआधी निदान पाच फेऱ्या करून बघा. कामाच्या दिवशी, ऐन गर्दीत, जातानाची आणि येतानाची दोन्ही. एखादी धो धो पावसात जमली तर उत्तम. सुट्टीच्या दिवशी एजंट मोटारीतून फिरवून आणतो, तो वेळ धरायचा नाही. पाच फेऱ्यांची सरासरीही काढायची नाही. सगळ्यात लांबलेली फेरी लिहून ठेवा; पुढचं नियोजन तिच्यावर बसवायचं आहे.

वाट बघण्याच्या वेळेत लोक हमखास चुकतात. दर १० मिनिटांनी बस असेल तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागेल, पण बस ठरल्या वेळी येत असेल तरच. त्याच बस जोडीने यायला लागल्या, म्हणजे आधी १८ मिनिटांचं अंतर आणि मग २ मिनिटांचं, तर तासाला बस तेवढ्याच राहूनही सरासरी थांबणं ८ मिनिटांच्या वर जातं. बहुतेक माणसं त्या लांब अंतराच्या काळातच थांब्यावर येतात, म्हणून असं होतं. थांब्यावर तासभर उभं राहून बसच्या वेळा टिपल्या की वेळापत्रकात न दिसणारी ही गोष्ट कळते.

वेळापत्रकात गर्दीच्या वेळा सगळेच बघतात. तुम्ही भर दुपारच्या गाड्या, रात्रीची शेवटची गाडी आणि सुट्टीच्या दिवशीच्या गाड्या बघा. सकाळी दर पाच मिनिटांनी गाडी आणि दुपारी तासाला एक, अशी सेवा असेल तर दुपारी शाळेतून फोन आल्यावर घरी पोहोचायला दोन तास लागू शकतात. गाडी तुमच्याच स्टेशनातून सुटत असेल तर बसायला जागा मिळते. बसून केलेला तासाचा प्रवास आणि उभ्याने केलेला तासाचा प्रवास या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी एक स्टेशन लांब जावं लागलं तरी आमच्या मते जावं.

पर्यायी मार्गही एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. तो त्याच रुळांवरून किंवा त्याच पुलावरून जात असेल तर त्याला पर्याय म्हणू नका.

घरभाडं आणि प्रवास एकाच वहीत

अमेरिकेतली सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था घराचा आणि प्रवासाचा खर्च एकत्र धरते: घरावर उत्पन्नाच्या ३० टक्के, प्रवासावर १५ टक्के, दोन्ही मिळून ४५ टक्क्यांच्या आत असेल तर जागा परवडणारी. ही कसोटी कुठेही लावता येते. समजा, शहरात भाडं उत्पन्नाच्या ३४ टक्के आणि प्रवास ८ टक्के आहे, म्हणजे एकूण ४२. उपनगरात भाडं २६ टक्क्यांवर आलं, पण दुसरी गाडी घ्यावी लागली म्हणून प्रवास १९ टक्क्यांवर गेला, तर एकूण ४५. घर ‘स्वस्त’ झालं आणि खर्च वाढला. हिशेब बिघडवते ती बहुधा ही दुसरी गाडीच. तिचा हप्ता, विमा, दुरुस्ती आणि पार्किंग हे सगळं इंधनाच्या जोडीला धरा.

वेळेचाही आकडा मांडा. एका बाजूला २५ मिनिटं वाढली तर दिवसाला ५०, महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत १८ तास २० मिनिटं. अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या माहितीवरून दाखवलं की प्रवास जितका लांब, तितकं लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात; स्वस्त घर किंवा जास्त पगार त्याची पुरेशी भरपाई करत नाही. लोक घराची खोली डोळ्यांनी बघतात, प्रवासाचा थकवा मात्र अंदाजाने धरतात आणि कमीच धरतात.

मुलाला कोण घेणार

पाळणाघर सहाला बंद होतं. ऑफिस पाचला सुटतं. नेहमीचा प्रवास ५० मिनिटांचा, म्हणून दहा मिनिटं हातात आहेत असं वाटतं. सगळ्यात लांबलेली फेरी ८० मिनिटांची असेल तर त्या दिवशी मूल वीस मिनिटं दारात उभं राहणार. यावर धावत सुटणं हा उपाय नाही. दोघं नोकरी करत असाल तर वेळा मुद्दाम सरकवून घ्या: एकाने सकाळी सातला निघून लवकर परतायचं, दुसऱ्याने मुलांना पोहोचवून उशिरा निघायचं. दोघांची ऑफिसं एकाच दिशेला, एकाच मार्गावर असतील तर मार्ग बंद पडल्यावर दोघंही एकदमच अडकतात, हे विसरू नका.

शाळेत आणि पाळणाघरात मुलाला नेऊ शकणाऱ्या तीन माणसांची नावं लेखी द्या. त्यांतलं निदान एक माणूस दिवसा तिथेच, चालत पोहोचण्याच्या अंतरावर असलं पाहिजे. अशा वस्त्या दुपारी रिकाम्या असतात, त्यामुळे निवृत्त शेजारी आणि घरून काम करणारे पालक यांची ओळख पहिल्या महिन्यातच करून घ्या. मदत मागण्याआधी आपण काय देणार ते सांगा: शनिवारी सकाळी तुमची मुलं आम्ही सांभाळू, वगैरे. एकतर्फी उपकारावर चाललेली व्यवस्था फार टिकत नाही.

शाळेचा रस्ता

क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या आदर्श वस्तीत शाळा मधोमध होती, ती घरांपासून साधारण पाव मैलावर, म्हणजे ४०० मीटरवर, आणि मोठे रस्ते फक्त कडेने. घर बघताना त्यातला एकच प्रश्न पुरे: शाळेत जाताना मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? लागत असेल तर सिग्नलचे सेकंद मोजा. १४ मीटर रुंद रस्ता मोठ्या माणसाला ओलांडायला १२ सेकंद लागतात, मुलाला १६. गाड्यांचा वेगही बघा. चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी १३ मीटरमध्ये थांबते, ५० ने येणारी २८ मीटरमध्ये. लहान मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग नीट अजमावता येत नाही, तेव्हा नुसतं ‘बघून जा’ सांगणं पुरत नाही.

शाळा, दवाखाना, नवी रेल्वे ‘लवकरच’ येणार आहे असं सांगितलं तर आज जे चालू आहे तेवढंच मोजा.

आणखी एक चाचणी: तुम्ही रोज ज्या वेळी परतणार त्या वेळी वस्तीत फिरा. औषधांचं दुकान, दवाखाना, किराणा यांपैकी काय उघडं आहे? रात्री अकराला आणि पहाटे पाचला झोपायच्या खोलीत उभं राहून खिडकी उघडा; स्टेशनजवळच्या घरात उद्घोषणा किती ऐकू येतात ते तेव्हाच कळतं.

जमलं तर विकत घेण्याआधी त्याच वस्तीत एक शालेय वर्ष भाड्याने राहा. सामान शाळेच्या सुट्टीत हलवा, आणि शाळा उघडण्याआधी सकाळची पूर्ण तालीम दोनदा करा: एकच न्हाणीघर, सगळ्यांचे डबे, शाळेच्या दारापर्यंतची चाल आणि ठरलेली गाडी. मुलांना उठवण्याची वेळ त्यावरून ठरवा.