सेप्सिसमध्ये (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा) अँटिबायोटिक लागू पडतंय का? हे तपासताना या चुका टाळा

ताप आहे म्हणून औषध बदलणं. योग्य अँटिबायोटिक चालू असतानाही ताप ४८ ते ७२ तास रेंगाळू शकतो. उलट सीआरआरटी (सलग चालणारं डायलिसिस) किंवा पॅरासिटामॉल चालू असेल, तर ताप नसणंही फसवं. औषध बदलण्याआधी नॉरॲड्रेनालिन (रक्तदाब टिकवणारं औषध) कमी करता येतंय का, लघवी आणि शुद्ध सुधारतेय का, हे बघा.

एकाच रिपोर्टवर निर्णय. सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा घटक) मागून चालतो: संसर्ग आटोक्यात येत असतानाही पहिले दीड-दोन दिवस तो चढू शकतो. प्रोकॅल्सिटोनिन या संसर्गात वाढणाऱ्या रक्तघटकाचा अर्धायुकाल (पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) साधारण २४ तास, म्हणून रोज निम्म्याच्या आसपास उतरलं तर दिशा बरोबर. किडनी निकामी असेल तर उतार मंद दिसतो. कमाल पातळीवरून ८० टक्के उतरलं आणि रुग्णही सुधारला, तर औषध थांबवायचा विचार होतो. नुसता आकडा जास्त आहे म्हणून अँटिबायोटिक वाढवू नये. लॅक्टेट (पेशींवरचा ताण दाखवणारा रक्तघटक) वाढलं तर ॲड्रेनालिन चालू आहे का, तेही पाहा; त्यानेही ते वाढतं.

लेव्हलचं (औषधाची रक्तातली पातळी मोजण्याचं) रक्त चुकीच्या जागेवरून. सर्वांत महाग पडणारी चूक हीच. कॅथेटरच्या ज्या लुमेनमधून (नळीतल्या मार्गातून) व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक गेलं त्यातूनच नमुना घेतला, तर लेव्हल खोटी जास्त येते, डोस कमी केला जातो आणि रुग्णाला औषध अपुरं पडतं. नमुना दुसऱ्या हाताच्या शिरेतून घ्या. एक नमुना इन्फ्युजन (शिरेतून सावकाश दिलेला डोस) संपल्यावर १ ते २ तासांनी, दुसरा पुढच्या डोसच्या आधी. चार्टवरची नव्हे, डोस प्रत्यक्ष सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहा, नाहीतर एयूसीचं (२४ तासांत शरीराला मिळालेल्या एकूण औषधाच्या मापाचं) गणित चुकतं. गंभीर एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ ऑरियस जीवाणू) संसर्गात एयूसीचं लक्ष्य ४०० ते ६००. ट्रफ (पुढच्या डोसआधीची सर्वांत कमी पातळी) १५-२० ठेवण्याचा जुना हट्ट किडनीला जड जातो.

क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) पाहून पहिलाच डोस कापणं. लोडिंग डोस (सुरुवातीचा मोठा डोस) पूर्ण द्यावा, किडनीचा हिशेब पुढच्या डोसांना. तरुण रुग्णात उलटं घडतं: क्रिएटिनिन नॉर्मल, पण क्लिअरन्स (किडनीचा रक्त गाळण्याचा वेग) मिनिटाला १३० मिलीच्या वर, आणि मेरोपेनेम हे अँटिबायोटिक भराभर निघून जातं. तिथे ३ तासांचं इन्फ्युजन कामी येतं.

पू राहिलाय, हे विसरणं. डोस, लेव्हल, सेन्सिटिव्हिटी (जंतू त्या औषधाला दाद देतो का) सगळं बरोबर आणि तरी सुधारणा नाही? सोनोग्राफी किंवा सीटी करा, शिरेतली जुनी लाइन (कॅथेटर) तपासा. निचरा झाल्याशिवाय गळू नुसत्या औषधाने क्वचितच आटोक्यात येतं.

कल्चर (रक्तात जंतू वाढतो का याची तपासणी) एकदाच. औषधानंतर घेतलेलं किंवा बाटलीत ८-१० मिलीऐवजी २ मिली रक्त घातलेलं कल्चर निगेटिव्ह आलं, तर त्यावर भरवसा नको. स्टॅफ ऑरियस असेल तर निगेटिव्ह येईपर्यंत दर २४ ते ४८ तासांनी पुन्हा घ्या. ४८-७२ तासांनंतरही पॉझिटिव्ह राहिलं, तर हृदयाच्या झडपा इकोवर बघा.