व्हिडिओ कॅमेरा घेताय? बजेट वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

खिशात ५० हजार आहेत म्हणून फोर्टच्या बोरा बाजारात जाऊन ५० हजारांचाच कॅमेरा उचलायचा, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. माइक, मेमरी कार्ड, जादा बॅटरी, ट्रायपॉड हे सगळं मग ‘पुढच्या महिन्यात बघू’वर जातं आणि पहिलंच शूटिंग वाया जातं. माझं मत स्पष्ट आहे: कॅमेऱ्यावर फार तर ३५ हजार घाला, उरलेले १५ हजार बाकीच्या सामानासाठी राखून ठेवा.

त्यातही आधी आवाज. चित्र जरा धूसर असलं तरी लोक बघतात, पण संवाद कळले नाहीत की दोन मिनिटांत बंद करतात. एकांकिका शेवटच्या रांगेतून टिपताना कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकमध्ये पंख्यांची घरघर, एसी आणि शेजारच्यांची कुजबुज आधी शिरते, नटांचा आवाज नंतर. म्हणून ३.५ मिमीचं माइक सॉकेट नसलेला कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. हेडफोनचं सॉकेटही असेल तर उत्तम. नाट्यगृहाच्या मिक्सरवरून थेट वायर घेणार असाल, तर कॅमेऱ्यात लाइन इनपुटची सोय आहे का ते बघा. मिक्सरचा जोरदार सिग्नल माइक इनपुटला दिला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये नीट होत नाही.

दुसरा मोह फोरकेचा. फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, म्हणून फाइलही जड. १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाभराच्या शूटिंगला सुमारे ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दोन अंकी नाटकालाही पुरणार नाही. घरचा कॉम्प्युटर जुना असेल तर फुल एचडीतच शूट करा, काही बिघडत नाही.

रेकॉर्डिंग मध्येच थांबतंय? आधी कार्ड तपासा. फोरकेसाठी त्यावर व्ही३० किंवा यू३ ही वेगाची खूण हवी, आणि फुटपाथवरचं स्वस्त कार्ड नको. कार्ड चांगलं असूनही थांबत असेल तर कॅमेरा तापलेला असू शकतो. काही जुन्या मॉडेल्सना २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादाच असते, हे खरेदीआधी विचारून घ्या.

ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतंय किंवा पट्टे सरकतायत, तर कॅमेऱ्यात दोष नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि अमेरिकेहून मामाने आणलेला कॅमेरा ६० च्या हिशोबाने लावलेला. मेनूत ‘पाल’ (PAL, म्हणजे ५० हर्ट्झची पद्धत) निवडा, सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम्स ठेवा, शटर १/५० किंवा १/१०० सेकंद. हा बदल करताना काही कॅमेरे कार्ड फॉरमॅट करायला लावतात, तेव्हा आधीचं शूटिंग उतरवून घ्या.

झूमचा आकडा वाचताना फक्त ऑप्टिकल झूम धरा, डिजिटल सोडून द्या. शाळेचं स्नेहसंमेलन मागून टिपायचं तर लांब झूमचा हॅंडीकॅम सोयीचा. घरातल्या मंद उजेडात मुलाखती घ्यायच्या असतील तर मोठ्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा बरा, कारण लहान सेन्सर कमी उजेडात दाणेदार चित्र देतो.

‘बिल नको, थोडे कमी करतो’ असं दुकानदार म्हणाला तर निघून या. १८ टक्के जीएसटी वाचतो, पण कंपनीची वॉरंटी जाते. बिल, खोका आणि कॅमेरा, तिन्हींवरचा सीरियल नंबर जुळवून बघा. सेकंडहॅंड घेताना लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, सौदा सोडा. मुंबईच्या पावसाळ्यात नव्या लेन्सलाही ती धरते. जून लागला की कॅमेरा कापडी बॅगेतून काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि गोळ्यांचा रंग बदलला की त्या बदला.