अमूर्त डिजिटल चित्राची नोंद कशी ठेवावी

अमूर्त चित्रात ओळखीचा आकार नसल्यामुळे ते कोठून सुरू झाले, हे महिन्याभराने खुद्द चित्रकारालाही सांगता येत नाही. म्हणून नोंद चित्रासोबतच, त्याच बैठकीत व्हायला हवी. सुरुवात मूळ निमित्तापासून करावी. ऐरोलीजवळ ठाणे खाडीत ओहोटीला उघडा पडलेला चिखल आणि त्यावरचे रोहित पक्षी पाहून मी एक चित्र सुरू केले, तेव्हा वहीत एवढेच लिहिले: ‘करडा ओला, गुलाबी विरळ, क्षितिज नको.’ त्याखाली पडद्यावरच्या गुलाबीतील तीन मूळ रंगांचे आकडे (प्रत्येकी ० ते २५५ पैकी) टिपले: लाल २३२, हिरवा १५०, निळा १५६.

प्रत्येक मोठ्या वळणावर फाइल नव्या क्रमांकाने जतन करावी, कारण थर, म्हणजे चित्राचे एकमेकांवर ठेवलेले वेगवेगळे पापुद्रे (लेयर), एकत्र करून फाइल बंद केली की मागे जाण्याची वाट बहुधा उरत नाही. थराला ‘थर १७’ऐवजी ‘चिखल, मल्टिप्लाय, ४० टक्के’ असे नाव द्यावे; मल्टिप्लाय म्हणजे खालचा रंग गडद करणारी मिसळण्याची पद्धत आणि टक्के म्हणजे थराची अपारदर्शकता. प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपमध्ये टाइम-लॅप्स, म्हणजे चित्र घडतानाची वेगवान चित्रफीत, सहसा आपोआप नोंदला जातो, क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डर स्वतः सुरू करावा लागतो. मात्र अशा चित्रफितीत हात काय करतो एवढेच दिसते, तो का थांबला हे दिसत नाही, आणि माझ्या मते नोंदण्याजोगे तेच असते. मी गुलाबी थर तीनदा पुसला, कारण ठिपके पक्ष्यांसारखे दिसू लागले होते. ही ओळ त्याच क्षणी लिहिली नसती, तर नंतर मी एखादे भारदस्त कारण रचले असते.

फसलेले टप्पेही ठेवावेत. आठवड्यातून एकदा सगळे फोल्डर वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावे.