फ्युएल फिल्टर उघडण्याआधी पाइपमधला दाब उतरवा

इंजिन बंद केलं म्हणजे पाइपमधलं पेट्रोल शांत झालं असं नाही. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत लाइनमध्ये साधारण ३ ते ४ बार दाब असतो, आणि गाडी बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकतो. तसाच फिल्टरच्या पाइपचा क्लिप काढला तर पेट्रोलची चिळकांडी थेट डोळ्यांत, नाहीतर गरम सायलेन्सरवर.

काम मोकळ्या हवेत आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावरच करा. आधी टाकीचं झाकण उघडून परत लावा, आतली वाफ निघून जाते. मग फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) काढा. कुठला ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. आता गाडी चालू करा. लाइनमधलं उरलंसुरलं पेट्रोल संपलं की ती आपोआप बंद पडेल. पुन्हा दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा, चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. ही तार विसरू नका, कारण तिथलीच एक ठिणगी पुरते.

तरीही थोडं पेट्रोल सांडतंच. जोडाभोवती जाड फडकं गुंडाळून हळूहळू सैल करा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, हाताशी ड्राय पावडरचं अग्निशामक. (पाण्याची बादली इथे कामाची नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पसरवतं.)

डिझेल कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी पद्धत) किंवा पेट्रोलचं डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी पद्धत) असेल तर घरी हात लावूच नका. कॉमन रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो, ती धार कातडीतून आत घुसते.