टेबलावरच्या स्पीकरांचा घुमार कसा आवरला

दादरच्या आमच्या छोट्या खोलीत संगणकाचे टेबल भिंतीला टेकूनच ठेवावे लागते. त्यामुळे सबवूफर (फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) असलेला संच मी आरंभीच बाद केला, कारण त्याचा खर्ज माझ्यापेक्षा शेजाऱ्यांनाच अधिक ऐकू गेला असता. लॅमिंग्टन रोडवर निरनिराळे स्पीकर ऐकून अखेर ४ इंची वूफरची (खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाची), अंगचा ॲम्प्लिफायर असलेली जोडी घेतली. (खोक्यावर ठळक छापलेले पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, वॅट मनावर घेऊ नयेत, आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा, आकडा पाहावा.) घरी मात्र डग्ग्याचा प्रत्येक ठोका घुमू लागला. भिंत आणि कोपरा खालचे स्वर फुगवतात, आणि या स्पीकरांचे हवेचे छिद्रही मागेच होते. म्हणून ते टेबलाच्या पुढच्या कडेला आणले, खाली रबराचे तुकडे देऊन ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारे छोटे भाग) कानांच्या रोखाने येतील इतके वर कलवले, आणि दोघांतील अंतर त्यांच्यापासून माझ्या अंतराइतकेच ठेवले. उरलेला घुमार छिद्रात स्पंजाचा बोळा बसवल्यावर गेला. सारंगी आता नेमकी मधोमध ऐकू येते. बारीक गुणगुण शिल्लक होती, ती ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची. संगणक आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर जोडताच ती थांबली.